लवचीक रेणूचे कॉन्फॉर्मर (बंध वळून होणारे वेगवेगळे आकार) वेगळे करायचेत: आधी होल बर्निंग की आयआर? सल्ला हवाय

रेघोटी:
नमस्कार मंडळी. 3-फिनाइलप्रोपेनॉलचा वर्णपट घेतेय. हेलियमच्या सुपरसॉनिक जेटमध्ये थंड केलेला रेणू, एकाच यूव्ही रंगाच्या दोन फोटॉननी आयनीकरण आणि 136 वस्तुमानाचा (म्हणजे या रेणूच्या आयनचा) सिग्नल. 37,500 ते 37,650 वेव्हनंबरच्या (दर सेंटिमीटरमधल्या लहरींच्या) दरम्यान पाच ठळक रेघा मिळाल्यात. साखळीतल्या तीन बंधांभोवती प्रत्येकी तीन स्थिती धरल्या तर 27 आकार होतात, आरशातल्या जोड्या एक धरल्या तर 14. संगणकावरच्या गणितात सर्वात कमी ऊर्जेचे आकार इतके जवळजवळ येतात की पद्धत बदलली की क्रमही बदलतो. मग पाच रेघा म्हणजे पाच कॉन्फॉर्मर की एकाचीच कंपनं? होल बर्निंगसाठी (एका लेसरने एक आकार रिकामा करून दुसऱ्याने वर्णपट घेणं) लागणारा दुसरा यूव्ही लेसर मोजके दिवस मिळणार आहे, आयआर (इन्फ्रारेड) लेसरचा वेळ नंतर मागता येईल. आधी काय करू?

शीतझोत:
होल बर्निंग, डोळे झाकून. कोणती रेघ कोणाची हे ठरायच्या आधी आकारांची नावं देत बसलात तर सगळं पुन्हा करावं लागतं.

पहिला लेसर सर्वात ठळक रेघेवर स्थिर ठेवा. शे-दोनशे नॅनोसेकंदांनी मागून येणारा दुसरा लेसर सगळा पट्टा स्कॅन करू दे. पहिल्याने ज्या कॉन्फॉर्मरची तळपातळी रिकामी केली, त्याच्या सगळ्या रेघा एकदम खचतात, इतरांच्या जागच्या जागी राहतात. पहिला लेसर 5 हर्ट्झवर आणि दुसरा 10 वर चालवा, म्हणजे एक पल्स जळालेली, एक न जळालेली मिळते आणि वजाबाकी तिथल्या तिथे होते. जेटची चढउतार त्यात बरीचशी निघून जाते. दोन्ही किरण एकमेकांवर बसवायला अर्धा दिवस गेला तरी चालेल, पण तिथे घाई नको. खच (रेघेच्या उंचीतली घट) 20 टक्क्यांच्या खाली असेल तर दुबळ्या रेघांबद्दल काहीच ठामपणे म्हणता येत नाही.

प्रोपिलबेंझीनचा वर्णपट शेजारी ठेवून बघा. त्यात साखळी ताठ असलेला आणि वळलेला अशा दोन कॉन्फॉर्मरच्या मूळ (कंपनं न मिसळलेल्या) रेघा सुमारे 50 वेव्हनंबर अंतरावर आहेत. तुमच्या रेघांचे गट साधारण तसेच पडतात का, हे लगेच दिसेल.

लहरआकडा:
शीतझोत यांच्याशी सहमत, पण होल बर्निंग फक्त "किती" सांगतं. "कोणता" ते आयआर सांगतं. यूव्ही एका रेघेवर रोखून आयआर स्कॅन केला की त्या एकाच कॉन्फॉर्मरचा आयआर वर्णपट हातात येतो. मोकळ्या ओएच बंधाची रेघ 3660 ते 3690च्या आसपास येते, ओएच रिंगच्या पाय (π) इलेक्ट्रॉनांच्या ढगाकडे वळला तर ती बरीच खाली सरकते.

मात्र ओएच मोकळाच असलेले दोन-तीन आकार उरले तर तिथे फरक जेमतेम दिसेल. ट्रिप्टामीनमध्ये हीच अडचण होती. सात कॉन्फॉर्मर, सगळ्यांच्या मूळ रेघा 34,900च्या आगेमागे शंभरेक वेव्हनंबरमध्ये, आणि इंडोलचा एनएच सगळ्यांचा जवळपास सारखाच. तिथे साखळीच्या सीएचचा 2800 ते 3000चा भाग कामी आला. नायट्रोजनच्या एकाकी इलेक्ट्रॉन जोडीच्या नेमका विरुद्ध दिशेला असलेला सीएच बंध कमजोर होतो आणि त्याची रेघ खाली उतरते. आयआरचा वेळ मागाल तेव्हा हा भागही धरूनच मागा.

गणिताचं म्हणाल तर डिस्पर्शन (रेणूच्या भागांमधलं दुबळं आकर्षण) दुरुस्तीशिवायची बीथ्रीएलवायपी ही गणिताची पद्धत वळलेले आकार कमी स्थिर दाखवते, एमपीटू ही दुसरी पद्धत जास्त. क्रम बदलतोय तो त्यामुळेच असावा. ऊर्जेच्या क्रमावर नाही, वर्णपटावर विश्वास ठेवा.

शीतझोत:
एक राहिलं. पाण्याची तपासणी केलीत का? आमच्याकडे एका रेघेला आम्ही दोन महिने तिसरा कॉन्फॉर्मर म्हणत होतो. प्रत्यक्षात ते रेणूला पाणी चिकटून झालेलं क्लस्टर होतं. आयनीकरण झालं की पाणी सुटतं आणि उरलेला आयन सुट्या रेणूच्याच वस्तुमानावर येऊन बसतो. तुमच्याकडे 154 (रेणू अधिक पाणी) बरोबर 136ही बघा. होल बर्निंगमध्ये ती रेघ स्वतंत्रच दिसते, म्हणून फसायला होतं.

रेघोटी:
आज करून पाहिलं. गॅसची नळी तापवून रात्रभर सुकवली, सकाळी वरच्या टोकाची रेघ निम्म्याहून खाली आली होती, बाकी चार तशाच. मग मुद्दाम थेंबभर पाणी दिलं, तीच रेघ उंचावली. म्हणजे पाचवी बाद. दोघांचेही मनापासून आभार, हे मला सुचलंच नसतं. उरलेल्या चारांसाठी हेलियमऐवजी आर्गॉन वापरून पाहण्यात अर्थ आहे का?

लहरआकडा:
आहे. आर्गॉनमध्ये टकरी जड असतात, अडथळा सुमारे 400 वेव्हनंबरपेक्षा कमी असेल तर वरचा कॉन्फॉर्मर खालच्यात ओघळून जातो. एखादी रेघ आर्गॉनमध्ये गायब झाली तर तिचा शेजारी कोण आणि मधला अडथळा किती, याचा अंदाज मिळतो. पण आर्गॉनची स्वतःची क्लस्टरंही होतात, तेव्हा दाब कमी ठेवून सुरुवात करा.

रेघोटी:
ठीक. सोमवारी दुसरा लेसर येतोय, आधी सर्वात ठळक रेघेवर जाळते. खच किती मिळाली ते इथेच लिहीन.