मूल कसं जगतंय, हे कोणी सांगायचं: मुलाने की आईबापाने?

माणदेशी:
थॅलेसेमिया मेजर म्हणजे दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागणारा, जन्मापासूनचा रक्ताचा आजार. या मुलांच्या फायलीत हिमोग्लोबिन असतं, फेरिटिन (अंगात किती लोह साठलंय ते दाखवणारा आकडा) असतं. मूल जगतंय कसं, ते नसतं. त्यासाठी पेड्सक्यूएल नावाची २३ प्रश्नांची प्रश्नावली आहे: शरीर, भावना, सवंगडी, शाळा. गुण ० ते १००, जास्त तेवढं चांगलं. ५ वर्षांपुढचं मूल स्वतः उत्तरं देतं, पालकांची प्रत वेगळी. माझं ठाम मत: आधी मुलाला विचारा, आणि तेव्हा आईबापांना शेजारी बसवू नका. सतत रक्त चढवून अंगात साठलेलं लोह काढायला औषधाचा पंप लावला की रात्री ८ ते १२ तास कातडीखाली सुई असते. तेच काम आता रोजच्या गोळीनेही होतं. फेरिटिन दोन्हींत सारखं येऊ शकतं. पण सुट्टीत मामाकडे बिनधास्त मुक्काम करता येणं कुठल्या रक्ततपासणीत दिसणार?

शुभदा_नाशिक:
गोळीचा मुद्दा मान्य. पण ६ वर्षांच्या पोराला ‘गेले काही आठवडे’ म्हणजे काय कळतं? त्याच्यासमोर हसरा, मधला आणि रडका असे तीन चेहरे ठेवतात. रक्त चढवायच्या आदल्या दिवशी विचाराल तर ते मरगळलेलं असतं, चढवल्यावर दोन दिवसांनी विचाराल तर गल्लीभर धावत असतं. महिनाभर त्याच्या उशाशी आई असते. तिचं उत्तर जास्त भरवशाचं.

माणदेशी:
मग दरवेळी रक्त चढवण्याआधीच विचारा, तुलना सरळ होईल. आणि आईला दिसतं ते धावणं, दमणं. तिथे दोघांची उत्तरं बऱ्यापैकी जुळतात, हे अनेक आजारांतल्या अभ्यासांत आढळलंय. भीती, उदासी, वर्गातलं चिडवणं इथे फारकत होते. आईला वाईट वाटेल म्हणून गप्प बसणारी मुलं मी जवळून पाहिली आहेत. त्यांचं उत्तर आईकडून घेणं मला अन्याय वाटतो.

गोदाकाठ:
मधेच एक. शाळेचे ५ प्रश्न मे महिन्यात विचारले तर काय? मोठ्या मुलांना तर गेल्या महिन्याबद्दलच विचारतात! तेव्हा शाळेला सुट्टी. जुलैमधले गुण त्याच्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

शुभदा_नाशिक:
तेच म्हणतेय. बरं, आईकडून ५५ आले आणि मुलाकडून ७८. बाहेर ओपीडीची रांग. डॉक्टरांनी त्या दोन आकड्यांचं करायचं काय?

माणदेशी:
एकूण आकडा बाजूला ठेवून एकेक उत्तर वाचायचं. ‘दवाखान्यात जावं लागतं म्हणून शाळा बुडते’ हा त्यातलाच एक प्रश्न. तिथे मुलाने ‘जवळजवळ नेहमी’वर खूण केली, तर रक्त चढवायचा वार रविवारी घेता येतो का, एवढं तरी बघा.

शुभदा_नाशिक:
रविवारी डे-केअर, म्हणजे रक्त चढवून त्याच दिवशी घरी सोडतात तो विभाग, उघडा ठेवायला परिचारिका लागतात. आधी त्या नेमा, मग प्रश्नावली वाटा. नाहीतर मुलाकडून दर महिन्याला तीच तक्रार लिहून घ्यायची आणि तसंच घरी पाठवायचं, हे मला पटत नाही.

माणदेशी:
आणि परिचारिका मागायला जाताना हातात काय न्यायचं? हीच भरलेली पानं.