मदत हवी आहे: रविवारी वेळ देणारा थेरपिस्ट

घडीमोड: थेट मुद्द्यावर येते. कामाने पार पिचून बर्नआउट झालंय हे मला कळलंय, सगळं वाचून झालंय, त्यामुळे लक्षणं विचारू नका. मराठी बोलणारा थेरपिस्ट हवाय, रविवारी किंवा रात्री आठनंतर. एका अ‍ॅपवर सेशन घेऊन पाहिलं, तिथल्या बाईंनी कृतज्ञतेची डायरी लिहायला सांगितली. मार्च क्लोजिंगला कसली डायरी? काल केवायसीचा फॉर्म हातात धरून बसले होते, जन्मतारखेच्या रकान्यावरून नजर पुढे सरकेना. समोरचे आजोबा म्हणाले, ‘ताई, मी तोवर जेवून येऊ का?’ नाव आणि फी सांगा, बस.

सोमवारनको: अहो, गाव कुठलं ते तर सांगा!

चहाटळ: बँकेत दिसताय. सरकारी की खासगी?

घडीमोड: सरकारी. घर नाशिक, शाखा येवल्याला, रोज अप-डाऊन. याने काय फरक पडतो?

चहाटळ: सगळा फरक त्यानेच पडतो मॅडम. मी स्केल टूला, म्हणजे मॅनेजर असताना हेच भोगलंय. आधी बदलीचा अर्ज टाका. थेरपीने येवला जवळ येत नाही.

निवांत_नाना: इगतपुरी तुमच्या उशाला आहे. विपश्यनेला दहा दिवस जाऊन या, फी नाही, फोन जमा करून घेतात. माझा मेहुणा आमूलाग्र बदलला.

सोमवारनको: नाना, त्यांना रविवारची सुट्टी धड मिळेना, दहा दिवस कुठून आणायचे?

कानोसा: मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. नाशिकची नाही, त्यामुळे नाव सुचवत नाही. नाना, विपश्यना वाईट नाही, पण मन इतकं थकलेलं असताना दहा दिवस मौनात बसणं काहींना झेपत नाही. त्यांच्या अर्जातही मानसिक त्रासाबद्दल विचारलेलं असतं.

घडीमोड, लक्षणं विचारू नका म्हणालात, तरी विचारते. झोप कशी आहे? भूक? सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का? डब्ल्यूएचओने 2019 मध्ये बर्नआउटला कामाशी निगडित अवस्था म्हटलं, आजार नव्हे. पण त्याच नावाखाली डिप्रेशन दडून राहतं, आणि थायरॉइड, बी-12, हिमोग्लोबिनचा घोळही. या तपासण्या आधी करून घ्या.

निवांत_नाना: माझ्या मेहुण्याला काही त्रास झाला नाही.

घडीमोड: झोप दोनला मोडते, मग आकडे फिरत राहतात. रिजनल ऑफिसच्या ग्रुपवर रात्री साडेनऊला इन्शुरन्सचे लॉगिन, म्हणजे आज किती पॉलिसी विकल्या ते आकडे, मागतात. रविवारी दुपारपासूनच पोटात गोळा येतो. मरायचं वगैरे डोक्यात नाही. फक्त परवा वाटलं, बसला छोटासा अपघात व्हावा, पाय मोडला तर महिनाभर जायला नको. गंमत म्हणून सांगतेय.

कानोसा: मी ते गमतीत घेणार नाही. आज रात्रीच 14416 ला फोन करा. टेली-मानस, सरकारी आणि मोफत, चोवीस तास, मराठीत बोलतात. तिथे काही औपचारिक सांगावं लागत नाही, हे बसचं आहे ना, तेवढंच सांगा. थेरपिस्ट निवडताना, कोणी स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक विचारा. विचारल्यावर जो रागावेल त्याच्याकडे जाऊ नका. आणि एकदा सायकिअ‍ॅट्रिस्टलाही दाखवा. औषध लागेलच असं नाही, पण झोपेचं ते बघतील.

गंधार_७७: तुम्ही 2010 च्या आधी लागलात की नंतर? नंतर असाल तर जुनी पेन्शन नाही, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना). व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा, विचार असेल तर आधी हिशेब करा.

सोमवारनको: व्हीआरएसचं कोणी विचारलंय?

चहाटळ: पाच दिवसांचा आठवडा झाला असता तर ही वेळच आली नसती. 2015 पासून दुसऱ्या-चौथ्या शनिवारवर बोळवण चाललीय.

घडीमोड: कृपया विषयावर या. सायकिअ‍ॅट्रिस्टचं सर्टिफिकेट रजेला जोडलं तर सगळ्या झोनमध्ये बोभाटा होईल ना? आमच्याकडे एकाचा झाला.

चहाटळ: सर्टिफिकेटवर आजाराचं नाव किती लिहायचं ते डॉक्टरांशी आधी बोला. सिक लीव्ह अर्ध्या पगारी असते, कम्युट केलीत तर पूर्ण पगार, पण खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. तरी घ्या. मी घेतली नाही, शेवटी बायकोने माझा फोन पिठाच्या डब्यात लपवायला सुरुवात केली.

कानोसा: 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे. डॉक्टर तुमच्या संमतीशिवाय ऑफिसला तपशील देऊ शकत नाहीत. शाखेतल्या कुजबुजीवर मात्र कायद्याचा इलाज नाही.

घडीमोड: फोन केला. बराच वेळ बोलले, आधी नुसती रडले. रक्त उद्या सकाळी देते. पण रविवारचं नाव अजूनही कोणी दिलेलं नाही!

गोदाकाठ: गंगापूर रोडला एक बाई आहेत, माझ्या बहिणीला खूप उपयोग झाला. नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. पण त्या रविवारी नसतात, शनिवारी सकाळी असतात.

घडीमोड: दुसऱ्या की चौथ्या?