फुलदाणी म्हणावे की सुरई?

प्रश्न : भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुंबईच्या जुन्या कलाशाळेत घडलेली मातीची भांडी आहेत. त्यांतल्या उभट, चित्रे काढलेल्या भांड्याला 'चिनी मातीची फुलदाणी' म्हणावे का? ते तर शोभेसाठीच घडवलेले, मग 'दाणी' कशी?

उत्तर : 'दाणी' अडचणीची नाही. फारसी 'दान' म्हणजे ठेवायचे साधन. पानदान, शमादान यांत ते तसेच राहिले. अत्तरदाणी, पिकदाणी, फुलदाणी यांत 'दाणी' झाले. मच्छरदाणी तर डासांना बाहेर ठेवते, तरी तो शब्द कुणाला खटकत नाही. फुलदाणी हे आता आकाराचे नाव आहे, आत फुले असोत वा नसोत. मात्र पोट गोल आणि मान लांब-अरुंद असेल, तर मी सुरईच म्हणेन. नेमका शब्द हाताशी असताना सगळ्यांना एकाच नावाने का हाकायचे? कलश नको, त्याला पूजेचा वास आहे.

'चिनी माती'ला मात्र माझा ठाम विरोध आहे. ती पांढरी, सुमारे १३०० अंशांवर भाजलेली, पातळ असेल तर उजेड आरपार दिसू देणारी. सर ज. जी. कलाशाळेत १८७०च्या दशकात जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी सुरू केलेले काम साध्या मातीचे होते. त्याच दशकात जॉन ग्रिफिथ्स शाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करत होते, आणि त्या लेण्यांतल्या आकृत्या या भांड्यांवर उतरल्या. 'चिनी माती' लिहिले की हा सगळा मुंबईचा इतिहास भलत्याच परंपरेत जाऊन पडतो.

पुरवणी : वरच्या चकचकीत थराला काही जण रोगण म्हणतात, तेही सुधारायला हवे. रोगण लाकडावर लावतात आणि ते वाळते. मातीवरची ती झिलई. भट्टीत वितळून काचेसारखी अंगाशी एकजीव होते. तांब्याने हिरवी, कोबाल्टने निळी. 'जिल्हई' हे त्याच शब्दाचे दुसरे रूप.

मूळ प्रश्नकर्ता : म्हणजे 'झिलईदार मातीची फुलदाणी' लिहितो. 'मृत्पात्र' कसे वाटते?

उत्तर : उत्खननाच्या अहवालात शोभते. भांड्याजवळच्या माहितीच्या पाटीवर 'मातीची' लिहा, शाळेतली मुलेही वाचणार आहेत.