मदत हवी आहे: आत्याचा पगार सात महिने बंद, तहसीलवाले म्हणतात पैसे पाठवले

रानजाई | ९ सप्टेंबर, सकाळी १०:४०

आत्याचा पगार फेब्रुवारीपासून येत नाहीये. तहसीलला चार चकरा झाल्या, बँकेत सहा. हे त्यांच्याकडे बोट दाखवतात, ते यांच्याकडे. हयातीचा दाखला दिलाय, आधार लिंक आहे, उत्पन्नाचा दाखलाही नवीन काढला. नेमकी कुठे तक्रार करायची तेवढं सांगा. ती एकटी राहते, बीपीच्या गोळ्या चालू आहेत, किराणा दुकानात उधारी वाढलीय. मी पुण्यात असते, दर वेळी रजा मिळत नाही. कृपया लवकर सांगा.

न्यूजर्सीकर | ९ सप्टेंबर, सकाळी ११:०५

तहसीलला जायची गरजच नाही. मोबाइलवर जीवन प्रमाणचं अॅप घ्या, चेहरा स्कॅन करा, दोन मिनिटांत हयातीचा दाखला जातो. माझ्या वडिलांचा मी दर नोव्हेंबरमध्ये असाच पाठवते. ते जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत.

सह्याद्री_७१ | ९ सप्टेंबर, सकाळी ११:१२

आत्या नोकरीत होत्या का? पगार म्हणजे पेन्शन की आणखी काही? वय काय? कुठल्या बँकेत खातं? काहीच लिहिलं नाही, कशावर उत्तर द्यायचं?

रानजाई | ९ सप्टेंबर, सकाळी ११:३०

म्हातारपणाचा पगार. गावात सगळे पगारच म्हणतात, मला वाटलं कळेल. वय ७१. तिचे यजमान वारले, मूलबाळ नाही. योजनेचं नाव तिला माहीत नाही. १५०० यायचे.

जुना_अव्वल_कारकून | ९ सप्टेंबर, दुपारी १२:१५

ताई, ६५ च्या पुढचं वय आणि १५०० रुपये म्हणजे बहुधा श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. ६५ च्या आतल्या विधवा आणि दिव्यांगांसाठी संजय गांधी निराधार. दोन्हीची शाखा तहसीलला एकच असते, म्हणून लोक सगळ्यालाच 'निराधार' म्हणतात. न्यूजर्सीकर सांगतात ते जीवन प्रमाण सरकारी सेवानिवृत्तांसाठी आहे, या योजनेत त्यावर विसंबू नका. आत्यांनी दाखला दिलाय म्हणता, तर त्याची पोच आहे का? शिक्का मारलेली?

प्रकाशझोत | ९ सप्टेंबर, दुपारी १२:२०

माहिती अधिकार टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून एका कागदावर लिहा: फेब्रुवारी ते ऑगस्ट दरमहा किती रक्कम, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात जमा केली. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. माझ्या चुलत्याचं रेशन कार्ड दोन वर्षं अडलं होतं, अर्ज पडल्यावर नवव्या दिवशी फोन आला.

मांजरा_काठ | ९ सप्टेंबर, दुपारी १२:४४

माहिती अधिकाराला महिना जाईल. त्यापेक्षा लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोर ऐकतात तो दिवस. तालुक्याला दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, म्हणजे येत्या १५ तारखेला. तहसीलदार समोर बसलेले असतात, टाळता येत नाही.

प्रकाशझोत | ९ सप्टेंबर, दुपारी १२:५१

लोकशाही दिनाला अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. आज ९ तारीख. १५ ला गेल्या तर 'पुढच्या महिन्यात या' म्हणून परत पाठवतील. अर्धवट माहिती देऊन म्हाताऱ्या माणसाची आणखी एक चक्कर वाढवू नका.

मांजरा_काठ | ९ सप्टेंबर, दुपारी १:०२

आमच्याकडे आयत्या वेळीही ऐकून घेतलंय, स्वतः पाहिलंय म्हणून लिहिलं. तुमचं प्रत्येक धाग्यावर माहिती अधिकार असतं.

बँकमित्र_१२ | ९ सप्टेंबर, दुपारी १:३०

दोघंही थांबा जरा. रानजाई ताई, तहसीलवाले नेमकं काय म्हणाले? 'पाठवले' म्हणाले की 'पाठवणार' म्हणाले? आणि बँकेने पासबुक भरून दिलं का? शेवटची नोंद कोणत्या महिन्याची आहे?

रानजाई | ९ सप्टेंबर, दुपारी २:१०

पोच नाही घेतली, कारकून म्हणाले गरज नाही. तहसीलला संगणकात बघून म्हणाले, आमच्याकडून सगळे हप्ते गेलेत, बँकेत बघा. बँकेने पासबुक भरून दिलं, डिसेंबर आणि जानेवारीचे १५०० दिसतात, पुढे काहीच नाही. बँकेत विचारलं आधार लिंक आहे का, तर म्हणाले हो आहे. मग तक्रार कुणाची करायची हेच तर विचारतेय ना.

बँकमित्र_१२ | ९ सप्टेंबर, दुपारी २:३५

तक्रार थांबवा, आधी पैसे शोधा. हे पैसे अडकलेले नाहीत, दुसऱ्या खात्यात जाताहेत असं मला वाटतं. मी बँकेचं ग्राहक सेवा केंद्र चालवतो, अशा आज्या आठवड्याला दोन-तीन येतात.

डिसेंबर २०२४ पासून या योजनांचे पैसे थेट आधारवर टाकायला सुरुवात झाली. त्यात खाते क्रमांक बघितला जात नाही, आधार क्रमांक बघितला जातो. एनपीसीआय म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था, तिच्या नोंदीत त्या आधारसमोर ज्या बँकेचं नाव असेल तिथे पैसे जातात, आणि एका आधारसमोर एका वेळी एकच बँक असते. नंतर कुठेही नवं खातं उघडलं आणि तिथे संमतीचा अंगठा दिला की जुनी बँक जाऊन नवी बसते. बँकेतला 'आधार लिंक आहे' म्हणतो तेव्हा तो बऱ्याचदा फक्त केवायसीला आधार दिलंय एवढंच बघून सांगतो. ते वेगळं आणि हे सीडिंग, म्हणजे पैसे यायला आधारसमोर बँक नोंदवणं, वेगळं.

जानेवारीनंतर त्यांनी कुठे अंगठा दिला होता का? नीट आठवायला सांगा. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर माय आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, नाहीतर त्यांच्या फोनवरून *९९*९९*१# लावा.

शेवंता | ९ सप्टेंबर, दुपारी ३:२०

माझ्या सासूबाईंचं लाडकी बहीणचं केवायसी होत नाहीये, तेही इथेच विचारू का? त्या ६४ च्या आहेत.

सह्याद्री_७१ | ९ सप्टेंबर, दुपारी ३:४१

शेवंता, वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल. पण विषय निघालाच आहे तर मनातलं बोलतो. श्रावणबाळला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. लाडकी बहीणला अडीच लाख. रक्कम दोन्हीकडे १५००. रोजगार हमीची २०२५-२६ ची दिवसाची मजुरी ३१२ रुपये. घरातल्या एकाच माणसाने ६८ दिवस काम केलं की २१ हजारांची रेष ओलांडली. मग खऱ्या गरिबाने करायचं काय? तलाठ्यासमोर हात जोडून '२० हजार लिहा' म्हणायचं. पुढे तोच दाखला खोटा म्हणून त्याच्याच गळ्यात येतो.

मांजरा_काठ | ९ सप्टेंबर, दुपारी ३:५५

याच्याशी शंभर टक्के सहमत. आमच्या शेजारणीचा अर्ज २३ हजारांवर नामंजूर झाला. दोन हजारांसाठी.

जुना_अव्वल_कारकून | ९ सप्टेंबर, सायंकाळी ४:३०

३१ वर्षं महसूल खात्यात काढली, त्यातली सहा या टेबलावर. एक सांगतो. समोर बसलेल्या माणसाला बहुतेक वेळा नाडायचं नसतं. हजारो लाभार्थी, माणूस एक, त्यात निवडणूक, पंचनामे, जात दाखले त्याच्याच गळ्यात. पण 'आमच्याकडून गेले' हे अर्धं उत्तर आहे आणि ते देऊन म्हातारीला परत पाठवणं चूकच. पैसे गेले की कोणत्या बँकेत गेले हे त्या संगणकात दिसतं. उद्या फोन करून तेवढंच विचारा. पोचेबद्दल मात्र ऐकून घेऊ नका. 'गरज नाही' म्हणाले तरी दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का मागायचा.

रानजाई | ९ सप्टेंबर, रात्री ९:५०

आत्याशी बोलले. अंगठा कुठेच दिला नाही म्हणाली. खूप खोदून विचारल्यावर आठवलं. संक्रांतीनंतर समाजमंदिरात दोन पोरं आली होती, 'सत्तरीच्या पुढच्यांना पाच लाखांचं दवाखान्याचं कार्ड' म्हणून. तीन वेळा अंगठा घेतला. कार्ड दिलं ते तिने ट्रंकेत ठेवलंय. शेजारच्या मुलाने फोटो पाठवला. त्यावर एका पेमेंट बँकेचं नाव आहे. दवाखान्याचा शब्दही नाही.

आता भीती वाटतेय. त्या पोरांनी पैसे काढून घेतले असतील तर?

प्रकाशझोत | ९ सप्टेंबर, रात्री १०:०४

आत्ताच्या आत्ता आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याची ओळख, लॉक करा. उशीर करू नका.

बँकमित्र_१२ | ९ सप्टेंबर, रात्री १०:१७

लॉक करू नका! लॉक केलं की त्यांचाही अंगठा चालणार नाही. रेशन दुकानात ई-पॉसवर, म्हणजे अंगठ्याच्या मशीनवर, धान्य मिळणार नाही आणि हे पैसेही निघणार नाहीत.

प्रकाशझोत | ९ सप्टेंबर, रात्री १०:२५

रोज चोरी होत असेल तर धान्याचं बघायचं की पैशांचं?

बँकमित्र_१२ | ९ सप्टेंबर, रात्री १०:४०

एकट्या बाईसाठी धान्य हेच पैसे आहेत. आणि अंगठा दिल्याशिवाय कुणी सहज काढू शकत नाही, त्यामुळे आधी स्टेटमेंट बघा. ताई, आधार कार्ड आणि ते कार्ड घेऊन आत्यांना त्या बँकेच्या केंद्रावर न्या, फेब्रुवारीपासूनचं स्टेटमेंट छापून घ्या. रक्कम गेलेली दिसली तर तिथूनच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा आणि बँकेकडे लेखी द्या. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत.

अंगठा लागला नाही तर घाबरू नका. शेतात राबलेल्या हातांच्या रेघा झिजलेल्या असतात. हात कोमट पाण्याने धुवा, पुसा, थोडं व्हॅसलीन लावून पुन्हा पुसा. दहाही बोटं करून बघायला सांगा, अंगठाच पाहिजे असं नाही.

न्यूजर्सीकर | १० सप्टेंबर, सकाळी ६:१५

माझं पहिलं उत्तर चुकीचं होतं, माफ करा. आत्यांच्या गोळ्यांचं या महिन्याचं काही असेल तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा.

रानजाई | १३ सप्टेंबर, रात्री ८:३०

काल रजा काढून गेले. सगळ्यांना आधी सांगते, पैसे आहेत. सात हप्ते, १०,५००, एकही रुपया गेलेला नाही. केंद्रावरच्या बाईंनी स्टेटमेंट दिलं तेव्हा आत्या माझ्या तोंडाकडेच बघत होती, आकडा वाचून दाखवला तेव्हा तिथल्या बाकावर बसली.

अंगठे दोन्ही लागले नाहीत. आठ बोटं झाली. डाव्या हाताची करंगळी लागली. पूर्ण रक्कम मिळाली नाही, केंद्रावर तेवढी रोकड नव्हती, उरलेली सोमवारी. दुकानदाराची उधारी भागवली, गोळ्या आणल्या. न्यूजर्सीकर, तुमचे मनापासून आभार, सध्या गरज नाही.

मग जुन्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरला. या वेळी दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. पुढचा हप्ता कुठे येईल ते मात्र नक्की सांगितलं नाही.

जुना_अव्वल_कारकून | १३ सप्टेंबर, रात्री ९:०५

फार बरं वाटलं. सीडिंग बदलल्याचं स्वतः तपासा, तोपर्यंत नव्या खात्याचं कार्ड टाकून देऊ नका. पुढचा हप्ता तिकडेही पडू शकतो.

रानजाई | १३ सप्टेंबर, रात्री ९:४८

आणखी एक विचारायचं होतं. त्या दिवशी समाजमंदिरात आत्याबरोबर अकरा बायका होत्या. काल घरी भेटायला आल्या. चौघींचे पैसे तेव्हापासूनच बंद आहेत, एकीला वाटत होतं की योजनाच बंद झाली. कुणाकडे कार्ड आहे, कुणी चुलीत घातलं. मी परत पुण्याला आले. एकाच अर्जावर चौघींची नावं लिहून तहसीलला दिली तर चालेल का?

जुना_अव्वल_कारकून | १३ सप्टेंबर, रात्री १०:१०

नको. चार अर्ज, चार पोचा. एकत्र अर्जात एकीचा कागद कमी निघाला की चौघींचं अडतं. प्रत्येकीचा आधार क्रमांक आणि शेवटचा हप्ता कोणत्या महिन्यात आला तेवढं लिहा, आणि एकच प्रश्न विचारा: पुढचे हप्ते कोणत्या बँकेत गेले.

बँकमित्र_१२ | १३ सप्टेंबर, रात्री १०:२२

कार्ड जळालं तरी अडत नाही. आधारवर खातं सापडतं. गाव कोणत्या तालुक्यात ते मला निरोपात कळवा, जवळ असेल तर रविवारी मशीन घेऊन मीच जातो.