कुऱ्हाडीशिवाय चुलीचे सरपण कसे फोडावे?

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यात राहतो. खांदा दुखावल्यामुळे आईला कुऱ्हाड उचलवत नाही आणि अंगणात बाभळीचे हातभर लांबीचे ओंडके पडून आहेत. दुसरा उपाय असल्यास कृपया सांगावा.

उत्तर : ओंडका उभा करून त्याच्या तोंडावर वाळताना पडलेली भेग शोधावी, तिच्यात लोखंडी पाचर बसवून घणाने आधी हलके ठोके द्यावेत आणि पाचर रुतल्यावरच जोर लावावा, ‘चर्र’ असा आवाज आला की लाकूड उकलू लागले असे समजावे. गाठीवर मात्र पाचर लावू नये.

उत्तर : पाचरीचे डोके ठोकून ठोकून पसरले असेल तर ते कानशीने घासून घ्यावे, कारण त्याची कपची उडून डोळ्याला इजा होऊ शकते.

उत्तर : दुखऱ्या खांद्याने घणही उचलू नये. कापूस वेचून झाल्यावर उरणारी पऱ्हाटी आणि तुराट्या हातानेच मोडतात. आईंनी रोजच्या स्वयंपाकाला त्या वापराव्यात, ओंडके घरातील इतरांनी फोडावेत.