बाबांची पत्र्याची हत्यारपेटी : गंज काढायचाय, पण झाकणावरचा नंबर घालवायचा नाही

मंडळी, जरा सल्ला हवाय.

बाबा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. अप्रेंटिस असताना त्यांनी स्वतः पत्रा वाकवून, रिव्हेट ठोकून ही पेटी केली. 1998 ला रिटायर झाले तेव्हा ती घरी आली. मागच्या वर्षी बाबा गेले. परवा मखर काढायला माळ्यावर चढलो तर पेटी मागे कोपऱ्यात, गोणपाटात गुंडाळलेली. डोंबिवलीचा पावसाळा, त्यात गोणपाटाने ओल धरलेली. व्हायचं ते झालंय.

तळाच्या पत्र्याचे पापुद्रे सुटतायत, एका कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढी दोन भोकं. बिजागरी जाम. झाकण मात्र शाबूत आहे. राखाडी ऑइलपेंट आणि त्यावर पांढऱ्या रंगात, ब्रशने, बाबांची आद्याक्षरं आणि तिकीट नंबर (वर्कशॉपातला कामगार क्रमांक). शेवटच्या सातचा ओघळ खाली आलाय. मला तो ओघळासकट हवाय.

कोपऱ्यावरचा फॅब्रिकेशनवाला म्हणाला, सँडब्लास्ट करून पावडर कोटिंग मारतो, नवीकोरी दिसेल. नवीकोरी नकोच आहे हो. घरीच एक प्रयोग केला : कडी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवली. सकाळी चकचकीत, आणि चहा होईपर्यंत पुन्हा तांबूस. काय चुकलं? आणि झाकणाला हात न लावता खालचा गंज कसा थांबवू?

चार दिवसांनी : सगळ्यांचे आभार. कडीचं गणित कळलं : आम्ल धुऊन टाकलंच नव्हतं. या वेळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळली, लगेच हेअर ड्रायरने वाळवली, तेलाचा हात फिरवला. अजून तरी तशीच आहे. बिजागरीला दोन दिवस डिझेल पाजलं, मग हळूहळू हलवत सुटली.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, कोरडा घासू नका, हे बरं सांगितलंत. (रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, मर्यादा आपल्याकडे 2017 पासूनची, हा रंग त्याच्या कितीतरी आधीचा.) त्यामुळे तळ ओल्या पॉलिश पेपरने घासला. आता त्यावर रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज पक्का करणारं द्रावण), मग रेड ऑक्साइडचा प्रायमर, मग राखाडी ऑइलपेंट. झाकण फक्त साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसलं, वर गाडीच्या वॅक्सचा पातळ थर. पुसताना नंबराखाली आणखी एक नंबर पुसटसा दिसला, खोडून रंगवलेला. आईला विचारलं, तिलाही माहीत नाही.

राहिली ती भोकं. एमसील भरून टाका असं दोघांनी सुचवलंय, पण आत किलोकिलोचे पाने आणि हातोडे जाणार. वेल्डिंग केलं तर आजूबाजूचा रंग जळेल. आतून पत्र्याचं ठिगळ लावावं म्हणतोय. कल्याण-ठाणे पट्ट्यात भरीव रिव्हेट हाताने ठोकून देणारा कारागीर कुणाच्या माहितीत आहे का? पॉप रिव्हेट (गनने ओढून बसवतात ते पोकळ) नकोत, बाबा त्यांना 'टाचण्या' म्हणायचे.