क्रोशा करताना अंगठा आणि मनगट भयंकर दुखतंय, तोरणाच्या ऑर्डरी घेऊन बसलीये, काय करू?

विश्रामबागवाली
नमस्कार मंडळी, मी सांगलीची. घरचं आवरून क्रोशाच्या ऑर्डरी घेते, तोरणं, ताटावरचे रुमाल, बाळांच्या टोप्या-मोजे, आणि हल्ली कॉलेजच्या पोरींना पर्सला लटकवायला ती छोटी अस्वलं ससे पाहिजे असतात तेही करते. गौरी-गणपती तोंडावर आलेत, तोरणांच्या ऑर्डरी घेऊन ठेवल्यात आणि नेमका आत्ताच हाताने दगा दिलाय. उजव्या अंगठ्याच्या बुडापासून मनगटाच्या कडेपर्यंत अशी कळ जाते की सुई खाली ठेवावीच लागते. दुधाचं पातेलं उचलताना तर डोळ्यांत पाणी येतं. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते ते वेगळंच. आणि डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं पहिलं बोट पण ठणकतंय, त्याचं मला कळतच नाही, डाव्या हातात तर सुई नसते ना?

मेडिकलवाल्याने जेल दिलंय, लावलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. ऑनलाइन ते अर्ध्या बोटांचे हातमोजे दिसतात खास विणणाऱ्यांसाठी म्हणून, ते घेऊ का? की सुई बदलू? तोरणाला बारीक स्टीलची सुई आणि पांढरा कॉटनचा दोरा वापरते. सासूबाई म्हणतात ते विणकाम सोड, हात आपोआप राहील. प्लीज जे रोज करतात त्यांनीच सांगा, सोडणं हा ऑप्शन नाहीये.

साताऱ्याची_माई
अगं बाई डावा हात दुखणारच, सुई उजव्या हातात असली तरी दोऱ्याचा सगळा ताण डावा सांभाळत असतो. तू दोरा कसा धरतेस ते एकदा नीट बघ. करंगळीला दोन वेढे, मग पहिल्या बोटावरून, आणि ते बोट ताठ वर, असंच ना? पांढऱ्या दोऱ्याच्या कामात सगळ्याजणी असंच करतात कारण दोरा गुळगुळीत असतो, निसटतो. पण ते बोट तासन् तास तसं उभं धरल्यावर दुखणार नाही तर काय होईल. करंगळीला एकच वेढा घे, पहिलं बोट जरा वाकलेलं ठेव, आणि मधूनमधून दोरा पहिल्याऐवजी मधल्या बोटावरून घेऊन बघ, सुरुवातीला खांब, म्हणजे उभे टाके, वेडेवाकडे येतील, येऊ देत, हाताला सवय होते. दोऱ्याचा गुंडा खोलगट पातेल्यात ठेव आणि थोडा दोरा आधीच उलगडून मांडीवर सैल टाक, म्हणजे प्रत्येक टाक्याला गुंडा ओढायला लागत नाही.

दुसरं म्हणजे लोकर जरा ताणते, आपल्या हाताला सांभाळून घेते. कॉटनचा दोरा ताणतच नाही, सगळा झटका बोटाला बसतो. म्हणून तोरणाचं काम लोकरीच्या कामापेक्षा हाताला जड जातं. १.२५ मिमीची सुई असेल तर १.५ ची घेऊन एक नक्षी करून बघ, टाके थोडे सैल येतात, तोरण मऊ पडतं पण नंतर खळ दिली की उभं राहतं, गिऱ्हाइकाला काही फरक कळत नाही. बसतेस कुठे? जमिनीवर मांडी घालून मान खाली घालून बसत असशील तर ते आधी बंद कर. हाताची खुर्ची घे, दोन्ही कोपरांखाली उशा घाल, हात हवेत अधांतरी ठेवायचा नाही.

आणि सासूबाईंबद्दल बोलू नये पण बोलते. क्रोशा सोड म्हणायला सगळ्यांना सोपं जातं. पिळे नको पिळूस, भाकरी नको थापूस, नारळ मी खवते असं कुणी म्हणतंय का? अंगठ्याला क्रोशाने जेवढा त्रास होतो तेवढाच ओल्या चादरीचा पिळा घालताना होतो. ज्या कामाचे पैसे येतात आणि जे बाईला आवडतं तेच आधी बंद करायला सांगतात, हे मी आयुष्यभर बघत आलेय. चादरी मशीनला लाव नाहीतर नवऱ्याला पिळायला सांग.

भडंगप्रेमी
सांगलीची माणसं आणि हळद विसरली होय? आंबेहळद उगाळून गरम करून लावा की, वरनं फडकं बांधा, सकाळपर्यंत गायब. आमची आजी हेच करायची, लय भारी उपाय हाय.

साताऱ्याची_माई
@भडंगप्रेमी लावू दे की, शेकाने बरंच वाटतं. फक्त पांढऱ्या दोऱ्याला हात लावायच्या आधी साबणाने दोनदा धुवायला सांगा तिला, नाहीतर अख्खं तोरण हळदीकुंकवाचं होईल 😄

मिरज_फिजिओ
मी फिजिओथेरपिस्ट आहे, क्रोशातलं मला ओ की ठो कळत नाही पण हातातलं कळतं, म्हणून लिहितेय. ताई, तुमच्या पोस्टमध्ये मला दोन वेगळी दुखणी दिसतायत, कदाचित तीन, त्यामुळे एकच उपाय सगळ्याला चालेल असं धरू नका. आधी दोन गोष्टी सांगा. रात्री मुंग्या नेमक्या कुठल्या बोटांना येतात, करंगळीला येतात का? आणि पातेलं उचलताना दुखतं ते अंगठ्याकडच्या कडेला की तळव्याच्या बाजूला?

घरी हलकेच एक बघा, अंगठा आत घेऊन मूठ करा आणि मूठ हळूच करंगळीकडे झुकवा. थोडंसं ओढल्यासारखं कुणालाही होतं, पण अंगठ्याकडच्या कडेला जोरात कळ आली तर तिथेच थांबा, पुन्हा पुन्हा करून बघू नका.

विश्रामबागवाली
बापरे मॅडम, मूठ नुसती झुकवली आणि ओरडलेच मी. तीच कळ, अगदी त्याच जागी, कडेला. मुंग्या अंगठा, पहिलं आणि मधलं बोट, करंगळीशेजारच्याला थोड्याफार. करंगळी मात्र अगदी शाबूत आहे, हे तुम्ही विचारेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रात्री उठून हात झटकला की जरा बरं वाटतं.

मिरज_फिजिओ
बरोबर, मला तोच अंदाज होता. तरी हे ऑनलाइन आहे, पक्कं निदान हात बघूनच होतं.

कडेची कळ म्हणजे बहुतेक डी क्वेर्व्हेन. १८९५ मध्ये त्या नावाच्या एका स्विस सर्जनने याचं वर्णन केलं म्हणून ते नाव. अंगठा उचलणाऱ्या दोन शिरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या हो, रक्ताच्या शिरा नव्हे, मनगटाच्या कडेला एकाच अरुंद नळीतून जातात. अंगठ्याने घट्ट चिमटा धरून मनगट सारखं वळवलं की तिथे घर्षण होऊन जागा सुजते. बारीक सुई अंगठा आणि बोटात दाबून धरणं आणि प्रत्येक टाक्याला मनगट फिरवणं म्हणजे अगदी हेच. नव्या आयांना बाळ उचलून उचलून हेच होतं. माईंनी पिळ्याचं लिहिलंय ते शंभर टक्के खरं, आणि मी त्यात मोबाइल घालते, अंगठ्याने रील्स सरकवणं आधी कमी करा.

मुंग्यांचं वेगळं आहे. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला एक बोगदा असतो, त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक मज्जातंतू जातो. आत सूज आली की दाब त्या तंतूवर येतो. तो अंगठा, पहिलं, मधलं आणि करंगळीशेजारच्या अर्ध्या बोटाची संवेदना सांभाळतो, करंगळीचा तंतू दुसऱ्या वाटेने जातो म्हणून तुमची करंगळी शाबूत. रात्री झोपेत मनगट दुमडलं जातं आणि दाब वाढतो. याला कार्पल टनेल म्हणतात.

आता पट्ट्यांमध्ये लोक फसतात. मुंग्यांसाठी मनगट सरळ ठेवणारा, आत कडक पट्टी असलेला स्प्लिंट रात्री झोपताना लावायचा, निदान दीड महिना, एक दोन रात्रीत काही कळत नाही. पण तो अंगठ्याला काहीच करत नाही, कडेच्या कळेसाठी अंगठाही धरून ठेवणारा वेगळा मिळतो, तो दिवसा जड कामाच्या वेळी लावायचा. दुकानातला नुसता इलॅस्टिकचा पट्टा दोन्हीला फारसा उपयोगी नाही. हातमोज्यांचं तसंच, ऊब मिळते म्हणून काहींना बरं वाटतं, पण घट्ट असेल तर मुंग्या वाढतील. गोळ्या मनाने खाऊ नका, अॅसिडिटी, बीपी, किडनी असं काही असेल तर जास्तच सांभाळून.

शुगर आणि थायरॉइड तपासून घ्या, दोन्हींमध्ये हे त्रास जास्त होतात. आणि बोटं दिवसाही बधिर राहायला लागली, वस्तू हातातून निसटायला लागल्या, किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट दिसायला लागला तर ऑर्डर बाजूला ठेवून सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे जा, ते नसेची टेस्ट करायला सांगतील. तेव्हा उशीर केला तर गेलेली ताकद सगळी परत येईलच असं नसतं.

कराडचा_विणकर
ताई मी पोरगा आहे, हसू नका, अमिगुरुमी, म्हणजे क्रोशाची कापूस भरलेली छोटी खेळणी, बनवून विकतो. तुम्ही तोरणाला दोष देताय पण ती अस्वलं ससे पण कारण असतील बघा. आतला कापूस दिसू नये म्हणून आपण सगळे मुके खांब, म्हणजे ते बुटके टाके, गच्च घालतो, आणि गच्च टाक्यात सुई घुसवायला सगळा जोर अंगठ्याचा लागतो. मी लोकर जाड घ्यायची सोडून दिली आणि गच्च ओढायचं पण सोडलं, सुई लोकरीच्या मानाने थोडीच बारीक ठेवायची, मग हाताने ओढायची गरज पडत नाही, टाके आपोआप जवळ बसतात. कापूस दिसतच असेल तर लोकरीच्याच रंगाच्या कापडाचं अस्तर घाला आतून.

सुई धरायच्या दोन पद्धती, एक पेनासारखी आणि एक भाजी चिरताना सुरी धरतो तशी वरून. पेनवाल्या पद्धतीत चिमट्यावर जोर जास्त येतो, माझ्या हाताला तरी. आलटून पालटून करा, एका पद्धतीत हात शिणला की दुसरी. आणि तुमच्या स्टीलच्या सुईचा दांडा काडीएवढा असतो तो जाड करा, जाड दांड्याला एवढं आवळायला लागत नाही. रबरी मुठीच्या सुया मिळतात पण तोरणाच्या बारीक नंबरात सगळीकडे मिळत नाहीत. मी बॅडमिंटन रॅकेटची ग्रिप आणतो खेळाच्या दुकानातून, आधी दांड्याला कापडी चिकटपट्टी गुंडाळायची आणि मग वर ग्रिप, घामाने सटकत पण नाही.

मिरज_फिजिओ
@कराडचा_विणकर हे मस्त, मीच माझ्या पेशंटना सांगेन आता.

कोयनाकाठी
माझ्या आईचं कार्पल टनेलचं ऑपरेशन मिरजेत झालं. हात तेवढाच बधिर करून केलं, त्याच दिवशी घरी. रात्रीच्या मुंग्या लगेच गेल्या, पकडीची ताकद यायला मात्र बरेच महिने गेले. तिने फार अंगावर काढलं होतं म्हणून सांगतेय, घाबरू नका पण पुढेही ढकलू नका. आता परत विणते, पण घड्याळ लावून, अर्धा तास झाला की उठायचं, खांब अर्धवट राहिला तरी.

विश्रामबागवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांना दाखवून आले, त्यांनीही दोन्ही आहे असंच सांगितलं. अंगठ्याचा स्प्लिंट दिवसा, दुसरा रात्री, आणि शुगर थोडी वरच्या बाजूला निघाली, ते तर या निमित्तानेच कळलं. इंजेक्शनचं म्हणाले की आत्ता नको, आधी हे करून बघू.

तोरणांचं असं केलं की मोठ्या दोन ऑर्डरींना फोन करून सांगितलं की गणपतीऐवजी नवरात्राला देते, एकीने ऐकलं, एकीने आगाऊ दिलेले पैसे परत मागितले, देऊन टाकले. छोटी तोरणं १.५ च्या सुईने चाललीत. माई, मधल्या बोटावरून दोरा अजून जमत नाहीये, वाकड्यातिकड्या साखळ्या येतायत, पण पहिल्या बोटाचा ठणका बराच कमी आहे. चादरी मशीनला. भाकरी सासूबाई थापतात सध्या, तोंड वाकडं करून.

विणकर दादा, ग्रिप आणली पण गुंडाळल्यावर टोकाकडे सारखी सुटते, आणि अंगठा टेकवायचा तो चपटा भाग पण झाकला गेला.

कराडचा_विणकर
चपटा भाग मोकळाच सोडायचा ताई, तो झाकला की सुईचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते हाताला कळत नाही. ग्रिप त्याच्या मागून सुरू करा, दांड्याच्या शेवटापर्यंत तिरकी न्या, प्रत्येक वेढा आधीच्यावर थोडा चढवा, आणि शेवट दोऱ्याने घट्ट बांधून गाठीवर फेव्हिक्विकचा एक थेंब. रात्रभर वाळू द्या, लगेच वापरलं की सुटणारच.